सालोमीबाईंनी राखलेली लग्नं

बाई,

सोमवारी तुम्हाला देवळामागच्या मातीत ठेवलं. प्रार्थना मीच वाचली. चार शब्द बोलायला उभा राहिलो आणि तुमच्या शाळेबद्दल, तुमच्या शिस्तीबद्दल, तुम्ही हात धरून लिहायला शिकवलेल्या मुलांबद्दल बोललो. लोकांनी डोळे पुसले. पण जे बोलायला हवं होतं ते माझ्या तोंडून निघालं नाही. आज गुरुवार आहे. देवळाच्या मागच्या खोलीत तुम्ही ज्या खिडकीशी बसून लिहायचात तिथंच बसलोय आणि तुमच्याशी बोलतोय.

मी या गावात आलो त्या पहिल्या दिवशीच आपलं वाजलं होतं. मी तिशीतला, नुकतीच ख्रिस्ती पाळकाची दीक्षा झालेला, शहरात शिकलेला. देवळाचा ताबा घेताना घंटा, वेदीवरची भांडी, सतरंज्या सगळं बघितलं आणि मग सागवानी कपाटाची किल्ली मागितली. तुम्ही किल्ली पदराला बांधून उभ्या होतात. म्हणालात, "आधी हात धुऊन या." मी जरा ताठ्यानंच म्हणालो की मी इथला पाळक आहे. "आहात ना," तुम्ही म्हणालात, "पण तेलाचा डाग पाळकाच्या बोटाचाही पडतो." मी गुपचूप विहिरीवर जाऊन हात धुऊन आलो. पुढची तीन वर्षं ते कपाट उघडण्याआधी मी कधी हात धुवायला विसरलो नाही.

कपाटात लग्नाची तीन रजिस्टरं होती. जाड पानांची, कातडी पाठीची, विलायतेहून आलेली. पहिलं रजिस्टर सुरू करणाऱ्या गोऱ्या साहेबांनी इथलं देऊळही त्यांच्या गावातल्या देवळासारखंच बांधलं होतं. तसाच बाप्तिस्म्याचा दगडी हौद, तशीच घंटा, लग्नाआधी तीन रविवार नवरानवरीची नावं पुकारायची तीच रीत. त्यांच्या मागून आलेले साहेब तीच वही पुढे चालवत गेले. त्यातले शेवटचे तुम्ही बघितले होते. ते तुम्हाला सांगायचे की त्यांच्या गावच्या देवळात एक वही आहे, तिच्यात त्यांच्या आजीच्या आजीच्या लग्नाची नोंद आहे, आणि ते लहानपणी ती बोटानं चाचपून बघायचे.

मी हे ऐकून म्हणालो होतो, काय नशीबवान माणसं. तुम्ही चष्मा काढून पुसलात. दोऱ्यानं बांधलेला तो चष्मा पुसायला लागलात की काहीतरी महत्त्वाचं येतंय हे पुढे मला कळायला लागलं. तुम्ही म्हणालात की तुमच्या आजीची आई गावकुसाबाहेर जन्मली आणि तिथंच गेली, तिचं नाव कुठंच कुणी लिहिलं नाही. सरकारी कागदात तिची जात होती, ती नव्हती. आजीचं नाव मात्र आहे. तुम्ही पहिलं रजिस्टर उघडून ते पान माझ्यासमोर धरलंत. साहेबांच्या तिरक्या अक्षरात नवऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, धंदा मजुरी. शेजारी तुमची आजी, तिचं वय, तिच्या बापाचं नाव. खाली सहीच्या जागी तिनं काढलेली फुली. टाक इतका दाबलेला की शाई पलीकडच्या पानावर उतरली होती. "आमच्या घरात कागदावर आलेलं हे पहिलं बाईमाणूस," तुम्ही म्हणालात. मग पान मिटलंत आणि मला चहा विचारलात.

त्यानंतर मी तुमच्या कामाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही ती तिन्ही रजिस्टरं मराठीत उतरवून काढायला घेतली होती. कुणी सांगितलं नव्हतं. वाळवी लागत होती, कसर लागत होती, आणि ते इंग्रजी अक्षर वाचणारं गावात तुमच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. सकाळी उपासनेची घंटा झाली की तुम्ही खिडकीशी बसायचात. आधी पानांना ऊन दाखवायचं, मऊ फडक्यानं झटकायचं, मधे वेखंड ठेवायचं आणि मगच टाक उचलायचा. साहेबांना मराठी नावं लिहिता येत नसत. त्यांनी 'बगू' लिहिलेली भागू आहे, 'सक्कू' ती सखू आहे, हे तुम्ही गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून शोधायचात. तरी वहीत उतरवताना साहेबांनी लिहिलं तसंच लिहायचात. खरं नाव समासात, बारीक अक्षरात, खाली तुमची सही आणि तारीख. मी विचारलं, चूक कळली आहे तर सुधारूनच का लिहीत नाही? तुम्ही म्हणालात, "ती त्यांची चूक आहे. माझं म्हणणं मी शेजारी लिहिते, माझ्या नावानं. त्यांच्या तोंडी घालत नाही."

मला ते हटवादीपणाचं वाटलं होतं. पुढे ज्या गोष्टीवरून आपलं खरं भांडण झालं तिचं मूळ इथंच होतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि अर्धं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जात होतं. आपल्या मंडळीच्या पंचांचे प्रमुख दावीद आण्णा एका सकाळी माझ्याकडे आले. त्यांचा पुतण्या विल्सन पुण्यात ट्रकवर ड्रायव्हर होता. त्याचं तिकडे लग्न ठरलं होतं आणि तिथल्या देवळाला गावाकडच्या पाळकाचं पत्र हवं होतं, की हा माणूस अविवाहित आहे. आण्णांचा शब्द गावात चालायचा. माझ्या घराचे पत्रे त्यांनीच बदलून दिले होते. तुम्ही त्या आठवड्यात बहिणीच्या आजारपणासाठी घोडेगावला गेला होतात आणि जाताना पहिल्यांदाच किल्ली माझ्याकडे ठेवली होती. मी हात धुतले, कपाट उघडलं, तिसरं रजिस्टर काढलं. विल्सनच्या लग्नाच्या वयाची जी वर्षं, त्यातली बरीच पानं वाळवीनं खाल्लेली होती. उरलेल्या पानांवर त्याचं नाव नव्हतं. मी आण्णांना म्हणालो की बाई आल्या की विचारून देतो. ते हसले आणि म्हणाले, पाळक तुम्ही का बाई?

मी पत्रावर सही केली, बाई. कपाटातल्या डबीतला शिक्का मारला आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

तुम्ही परत आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मार्था आली. तुमची विद्यार्थिनी, माहेरी राहून दहा-अकरा वर्षांच्या मुलीला वाढवणारी. कामावरून तशीच आली होती, अंगभर खडीची धूळ. मुलगी मागे उभी होती. मार्था माझ्याकडे न बघता तुमच्याशी बोलली. म्हणाली, "बाई, कामावर बाया बोलत्यात, आमचं मालक पुन्यात दुसरं लगीन करत्यात. मी दीराला इचारलं तर म्हनतो, तुजं लगीन झालंच न्हाई, दाव कुठं लिवलंय."

नवरा कोण हे मला तिनं सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. मग तिनं विल्सनचं नाव घेतलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी नजर खाली घातली. तुम्ही रजिस्टर काढलंत, ती चाळण झालेली पानं एकेक करून उलटलीत आणि मार्थाला सांगितलंत की तुझं पान गेलंय, पण तू घाबरू नकोस.

ती गेल्यावर आपलं भांडण झालं. विल्सन आणि मार्थाचं लग्न शेवटच्या साहेबांनी लावलेलं तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही स्वतः लग्नाला नव्हतात आणि ते कधी झालं ते आठवत नव्हतं, एवढंच. मी म्हणालो, मग प्रश्नच काय? रजिस्टरच्या मागे कोरी पानं आहेत. नोंद पुन्हा लिहू. खोटं तर नाही. मी सही करतो. आज सांगतो, मला मार्थाची काळजी होतीच, पण त्याहून जास्त मला माझं पत्र पुसून टाकायचं होतं.

तुम्ही नाही म्हणालात. मी आवाज चढवला. एका बाईचा संसार मोडतोय आणि तुम्हाला कागदाचं सोवळं पडलंय, असं काहीतरी बोललो. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आज आपण खरं लग्न मागाहून लिहू. उद्या आण्णा खोटं लिहून आणतील. त्यांना कुठल्या तोंडानं अडवणार? या वहीत माझ्या आजीची फुली आहे, पाळकसाहेब. कुणीही येऊन हवं ते लिहू शकतं असं एकदा झालं, की त्या फुलीला कोण विचारतो?"

मला ते पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पुढे तुम्ही जे केलंत ते जमलंच नसतं तर? साक्षीदार मेलेला असता तर? वहीची पानं स्वच्छ ठेवून मार्थाला आपण काय दिलं असतं? हा वाद मी तुमच्याशी अजून दोनचार वेळा घालणार होतो. दर वेळी वाटायचं, आहेत बाई, बोलू निवांत.

तुम्ही दुसऱ्याच दिवसापासून कामाला लागलात. साहेबांच्या सवयी तुम्हाला पाठ होत्या. प्रत्येक लग्नाची एक प्रत चिठ्ठीवर लिहून ते शहरातल्या नोंदणी कचेरीत पाठवायचे. पण तिथल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे महिन्यावार बांधलेले होते, आणि मार्थाला लग्नाचं साल नीट सांगता येत नव्हतं. लग्नाचा साक्षीदार कोण, तर गावातले म्हातारे यकोबबाबा. ते दुष्काळात लेकाबरोबर मिरजगावच्या बाजूला रस्त्याच्या कामावर गेले होते. तुमचं वय बासष्ट. एसटीनं अर्धा दिवस, पुढे उन्हातून चालत. मी बरोबर आलो. यायलाच हवं होतं.

ती वाट मला अजून दिसते. डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली, पायात टाचेशी झिजलेल्या चपला. मी दर फर्लांगाला विचारायचो, बसूया का? तुम्ही म्हणायचात, परत येताना बसू. कामावर शेकडो माणसं होती. तुम्ही मुकादमाला विचारलंत, मग रांगेनं एकेकाला. यकोबबाबा एका बाभळीखाली खडी फोडत बसले होते. तुम्हाला बघून उठायला लागले. तुम्हीच त्यांच्यासमोर खडीवर बसलात.

त्यांना साल आठवत नव्हतं. पण ते म्हणाले, "घोडेगावच्या बाजारात खोंड इकून मी तसाच देवळात गेल्तो. साहेबानं अंगठा घेतला, मंग बोटं पुसाया सोताचा रुमाल दिला. त्याच आठवड्यात साहेब बोटीवर बसाया मुंबईला गेलं. लई पोरं रडली हुती."

तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "सापडलं." साहेब गाव सोडून गेले तो महिना तुम्हाला कसा विसरता येणार? त्यांच्या निरोपाला शाळेनं गाणं बसवलं होतं आणि तुम्ही टायफॉईडनं नगरच्या दवाखान्यात पडून होतात याचं दुःख तुम्ही आयुष्यभर सांगत आलात.

शहरातल्या कचेरीत कारकुनानं आपल्याला दोन दिवस बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यानं कंटाळून गठ्ठ्यांची खोलीच उघडून दिली. धुळीनं तुम्हाला खोकला लागला, तरी तुम्ही मला गाठी सोडू दिल्या नाहीत. म्हणालात, तुम्ही घाईनं ओढाल. दुपारी एका गठ्ठ्यातून तुम्ही एक पिवळी चिठ्ठी काढलीत आणि खिडकीकडे नेलीत. विल्सनची सही होती. यकोबबाबांचा अंगठा होता. आणि नवरीच्या सहीच्या जागी बाळबोध अक्षरात लिहिलं होतं, 'माथा'.

तुम्ही ती सही वाचलीत. मग हसलात आणि हसता हसता तुमचे डोळे भरून आले. म्हणालात, "रफार विसरली. चौथीपर्यंत रोज तिला सांगत होते, थ वर रफार दे. लग्नातसुद्धा विसरली."

त्या एका रफारामुळे मला तुम्ही कळलात, बाई. ज्यांच्या आज्या फुली काढत होत्या त्यांच्या नातींना तुम्ही नाव लिहायला शिकवलंत. मार्थानं त्या दिवशी अंगठा दिला नव्हता. तिनं सही केली होती. चुकीची, पण स्वतःची.

कचेरीतून शिक्क्यानिशी दोन नकला घेतल्या आणि तुम्ही एक घेऊन गावी परतलात. मी तुम्हाला सांगितलं की मला पुण्याला पाळकांच्या बैठकीला जायचंय. बैठक नव्हती. मी त्या देवळात गेलो, तिथल्या पाळकांसमोर नक्कल ठेवली आणि माझं पत्र परत मागितलं. लग्न पुढच्याच रविवारी होतं. ते वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी पत्र दिलं, मला कॉफी पाजली आणि एवढंच विचारलं की सही करण्याआधी कुणाला विचारलं नाहीत का? मी म्हणालो, विचारायला माणूस होतं, मी थांबलो नाही. ते लग्न मोडलं. ती मुलगीही वाचली, असं त्यांनी नंतर मला कळवलं.

आण्णांनी वर्षभर तुमच्याशी बोलणं टाकलं. पंचांच्या सभेत म्हणाले की बाईंनी घराण्याची अब्रू वेशीला टांगली. तुम्ही उठून उत्तर दिलं नाहीत. पुढच्या रविवारी त्यांच्या नातवाचा बाप्तिस्मा होता, तेव्हा नोंद तुम्हीच लिहिलीत, आणि लहानपणीच गेलेल्या आईचं नाव आण्णांना आठवेना म्हणून जुन्या रजिस्टरातून काढून दिलंत. आण्णांनी ते नाव बोटानं चाचपून बघितलं. काल ते देवळात येऊन तुमच्या खुर्चीपाशी थोडा वेळ थांबून गेले.

आणि मार्था. आपल्याला वाटलं होतं ती नवऱ्याला परत बोलवा म्हणेल. नक्कल तिच्या हातात दिली तेव्हा ती म्हणाली, "त्यो मला नकोच हाय. पर माझी पोरगी कुनाची, हे आता कुनी इचारायचं न्हाई." ती नक्कल तिनं वहीच्या पुठ्ठ्यात घालून ठेवली. तुम्ही तिला संध्याकाळी पुन्हा अक्षरं गिरवायला बोलवायला लागलात. आज ती शाळेत पोरांना सुकडी वाटते आणि हजेरीही तीच लिहिते.

मला किती वेळा वाटलं तुम्हाला सांगावं. खिडकीशी तुम्ही लिहीत असायचात, मी दारात यायचो, उभा राहायचो. तुम्ही मान वर करून विचारायचात, "काही बोलायचं होतं का?" मी म्हणायचो, नाही, सहज आलो. तुम्ही एक क्षण तशाच बघायचात आणि पुन्हा टाक दौतीत बुडवायचात. तुम्ही आजारी पडलात तेव्हाही मी रोज यायचो. शेवटच्या आठवड्यात तुम्ही तिसऱ्या रजिस्टरच्या खाल्लेल्या पानांबद्दल बोलत होतात. शहरातल्या चिठ्ठ्यांवरून ती सगळी लग्नं पुन्हा उतरवता येतील, वेगळ्या वहीत, असं सांगत होतात. मी मान डोलवत होतो आणि मनात म्हणत होतो, उद्या सांगू.

सोमवारी तुम्हाला ठेवून आल्यावर मला घरात बसवेना. काल सकाळी मी मार्थाच्या दारात गेलो. ती शाळेला निघाली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. विल्सनला अविवाहित असल्याचं पत्र कुणी दिलं, शिक्का कुणाचा होता, आणि तू आमच्यासमोर उभी होतीस तेव्हा मी गप्प का बसलो होतो, ते सगळं.

ती ऐकत होती. तिला धक्का बसला असं मला दिसलं नाही. मग म्हणाली, "ठाव हाय मला."

मी विचारलं, कुणी सांगितलं?

"बाईंनी. तवाच सांगितलं. शिक्क्याची डबी जागा सोडून ठिवली हुती म्हनं तुमी." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मी लई चिडले हुते. म्या म्हनलं, अस्संच जाऊन इचारते त्यांना. तर बाई म्हनल्या, नको. मानूस वाईट न्हाई, भ्यालाय. त्यो त्याच्या पायानं येऊन सांगंल तुला. तवर थांब."

ती दोन वर्षं थांबली होती, बाई. त्या दोन वर्षांत दर रविवारी ती माझ्या हातून प्रभुभोजनाची भाकर घेत होती.

 मी माफी मागितली. मार्था म्हणाली, "आलात न्हवं," आणि घराला कडी घातली, कारण शाळेची घंटा व्हायला आली होती. वळणापर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. मग ती शाळेकडे गेली. मी देवळात आलो, हात धुतले आणि तुमच्या खुर्चीवर बसून रडलो.